बांबळेमामांचा खेकडा

निवृत्ती बांबळे तुम्हाला पहिल्यांदा भेटले, तर नमस्कार करणार नाहीत. तुमच्या हातातली पिशवी घेतील. विचारून नाही, सरळ घेतील. एकदा वर-खाली झुलवतील, डोळे बारीक करतील आणि म्हणतील, "साडेचार. वर शंभर ग्रॅम." मग पिशवी परत देतील, तीही दुसऱ्या हातात. "डावीकडं वाकताय तुमी. हात बदलत जावा."

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. नगरजवळ, नागापूरच्या एमआयडीसीत आमचा पंपाचे सुटे भाग करणारा कारखाना आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी गेटवर कुणीतरी माझी पिशवी ओढली. मी ओरडणार एवढ्यात ती परत माझ्या हातात होती आणि ओढणारा माणूस तरातरा शेडच्या दिशेनं चाललाही होता. आत डबा, पाण्याची बाटली, घरचे पेरू आणि एक छत्री. दुपारी मी गुपचूप स्टोअरच्या काट्यावर पिशवी ठेवली. चार किलो सहाशे. पेरू वाटून झाले नव्हते तोवर.

या सवयीपायी त्यांनी मारही खाल्लाय. माळीवाडा स्टँडवर एका गृहस्थाची ट्रंक उचलली म्हणून लोकांनी त्यांना चोर समजून धरलं. पण गर्दी जमेपर्यंत जमलेल्यांपैकी चौघांच्या पिशव्या यांनी जोखून दिल्या होत्या, आणि त्यातल्या दोघांचं दुकानदाराशी भांडण लावून दिलं होतं. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आले. परिचारिका म्हणाली, "दोन आठशे." मामांनी बाळ हातात घेतलं आणि म्हणाले, "दोन नऊशे. काटा बघा तुमचा." त्यांना बाहेर काढण्यात आलं. दुसऱ्या दिवशी काटा दुरुस्तीला गेला.

ते मेंटेनन्सला फिटर, मी तपासणी विभागात. पुढं कॉलनीत शेजारची घरंही मिळाली, मधे एकच भिंत. त्यामुळे निवृत्ती बांबळे हा माणूस मला दिवसा दिसायचा आणि उरलेल्या वेळात ऐकू यायचा. ठक, ठक, कर्रर, मग एक मिनिट शांतता, मग "हात् तुझ्या!" आणि परत ठक. आमचे हे सुरुवातीला दचकायचे. नंतर आवाज थांबला की दचकायला लागले.

नाव निवृत्ती, पण या माणसाला थांबणं ठाऊक नव्हतं. चहा उभ्यानं, तोही चालत. कप घेऊन निघायचे ते तिसऱ्या मशिनपाशी रिकामा करायचे आणि तिथंच विसरायचे. संध्याकाळी आमचा शिपाई कारखानाभर कप गोळा करत फिरायचा. घरी काशीमामी त्यांना जेवायला वाढायच्या, तेव्हा ताट ओट्यावर ठेवायच्या. पाटावर ठेवलं तर वाया जायचं. मामी मला म्हणायच्या, "लग्नात सप्तपदीला सात पावलं घालायची, तर ह्यांनी अकरा घातली. भटजीच मागं राहिले."

काशीमामी चार वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर आठवड्यात मामा कामावर आले आणि त्या दिवशी त्यांनी बंद नसलेली दोन मशिनं खोलून दुरुस्त केली.

दुसरं त्यांचं एक पालुपद होतं. रस्त्यात डोक्यावर काही घेतलेलं माणूस दिसलं, की हे थांबायचे. त्यांना थांबवू शकणारी जगातली तेवढीच एक गोष्ट. मोळी असो, विटांचं घमेलं असो, लग्नातल्या बँडबरोबरचे दिवे असोत. म्हणायचे, "मान वझ्यासाठी न्हाई. मान इकडंतिकडं बघाया हाय." आणि त्या माणसाचं ओझं स्वतः घ्यायला धावायचे. एका वरातीच्या दिवेवाल्यांत घुसून असंच एकीच्या डोक्यावरचा दिवा काढून घेतला. वायर ओढली गेली आणि सगळी वरात अंधारात. नवरदेवाचा घोडा बिथरला तो वेगळाच.

मग ते निवृत्त झाले. म्हणजे कारखान्यानं केलं. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांचं भाषण ऐन रंगात आलं असताना सत्कारमूर्ती खुर्चीत नव्हते. शोधलं तर मंडपाच्या मागं जनरेटरपाशी उकिडवे. "नट ढिला हुता. भाषन पडलं असतं."

सगळ्यांनी मिळून त्यांना एक आरामखुर्ची भेट दिली. चांगली, पाय वर करून मागं रेलायची, जाड गादीची. कल्पना माझीच. आता तरी मामा बसतील! आठ दिवसांनी भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला म्हणून डोकावले, तर अंगणात खुर्चीची गादी एकीकडं, सांगाडा एकीकडं, आणि मामा तिच्या खालचा उघडमीट करणारा सांधा हातात घेऊन माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

"ताई, लई भारी वस्तू दिलीत. असा सांधा बाजारात मिळत न्हाई."

"मामा, ती बसायला दिली होती!"

"त्याचसाठी लागनार हाय," ते म्हणाले आणि परत कामाला लागले.

पुढं सहा महिने त्यांच्या अंगणात काहीतरी वाढत राहिलं. आधी लोखंडी अँगलचा चौथरा. मग भंगारातून आणलेल्या कन्व्हेअर बेल्टचे दोन पट्टे, रणगाड्याला असतात तसे. मग ई-रिक्षाच्या दोन मोटरी, एका बाजूला एक. चौथऱ्याखाली बॅटऱ्या. वर माल ठेवायला हौदा. चढावर पुढचं टोक उचललं गेलं, तरी हौदा आपला आपण सपाट राहावा, म्हणून माझ्या आरामखुर्चीचा सांधा.

"हे काय आहे मामा?"

"वझं वाहनारी गाडी. दगडगोट्यातनं, चढावर. डायवर न्हाई."

"मग चालवणार कोण?"

"कुनीच न्हाई. मानूस पुढं चालंल, मोकळ्या मानेनं. ही मागनं यील."

माणसाच्या मागून यायचं हे तिला कळावं कसं, यावर त्यांनी मोबाईलवर शेकडो व्हिडिओ पाहिले, अर्थात येरझारा घालत. शेवटी पुढं एक छोटा कॅमेरा बसवला आणि तिला शिकवलं, की लाल रंग दिसला की त्याच्या मागं जायचं. स्वतः लाल टोपी घातली. कॉलनीत पहिली चाचणी झाली. मामा पुढं, गाडी मागं, पोरं तिच्या मागं. एक मोटर जरा अशक्त असल्यामुळं गाडी सरळ न जाता तिरकी तिरकी सरकायची. पोरांनी तिथल्या तिथं बारसं केलं, "खेकडा!" मामांना राग आला. त्यांनी मनात काहीतरी भारदस्त नाव धरलेलं असणार. पण दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "आमच्याकडं वढ्याला खेकडं असत्यात. उभ्या कातळावर चढत्यात. असूं दे."

खेकडा चौकापर्यंत नीट आला. तिथं समोरून लाल साडीतल्या देशमुखबाई आल्या. खेकड्यानं मामांना सोडलं आणि बाईंचं बोट धरलं म्हणा ना! बाई भराभर चालायला लागल्या, खेकडाही भराभर. बाई पळायला लागल्या. मामा मागून ओरडतायत, "पळू नगा, वहिनी! पदर झाका! पदर झाका!" आता चारचौघांत हे वाक्य कसं ऐकू येतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. देशमुख काठी घेऊन बाहेर आले.

तेवढ्यात गॅसचा टेम्पो आला. चाळीस-पन्नास लालभडक सिलिंडर, एका ओळीत. खेकड्याला बिचाऱ्याला काय वाटलं असेल! त्यानं देशमुखबाईंनाही सोडलं, आणि जो टेम्पोमागं लागला तो एमआयडीसीच्या मोठ्या रस्त्याला जाईपर्यंत थांबला नाही. टेम्पोवाल्यानं आरशात पाहिलं आणि गाडी आणखी हाणली. बॅटरी संपली तेव्हा कुठं खेकडा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

सोसायटीनं मीटिंग घेतली. मामा उभेच होते, म्हणाले, "चूक खेकड्याची न्हाई. मी त्याला डोळा दिला, अक्कल दिली न्हाई." आणि बाहेर पडले. पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडं चिडीचूप. आमचे हे तीनदा जाऊन कान लावून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात. हातात बैलाचा कासरा.

"ताई, बैलाला कॅमेरा असतो का?"

"नाही."

"मग त्याला कसं कळतं कुठं जायचं?"

खेकड्याच्या तोंडाला त्यांनी एक चकती बसवली आणि तिला तो कासरा बांधला. कासरा जेवढा ओढाल तेवढा वेग. डावीकडं ओढला तर डावीकडं, उजवीकडं तर उजवीकडं. सैल सोडला की ब्रेक लागून जागच्या जागी उभा. ना टोपी, ना रिमोट. डोंगरगणच्या टेकाडावर त्यांनी महिनाभर त्याला चालवला. रोज माती, दगड, पाण्याचे कॅन असं काय काय लादून.

आणि मग एक दिवस म्हणाले, "ताई, येत्या रविवारी चला. तपासनी करायची हाय."

"कुठं?"

"कातळवाडीला. आमच्या. तुमची सही झाल्याशिवाय माल बाहेर जात न्हाई, असा आपला नियम हाय ना?"

कातळवाडी हे त्यांचं गाव, एवढंच मला माहीत होतं. अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढं डोंगरात. वर्षातून एकदा सणाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. तिथं कोण आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि ते कधी बोलले नव्हते. ज्या माणसाशी आपण पंधरा वर्षं रोज बोलतो, त्याला काही विचारायचं राहून गेलंय, हे ध्यानातच येत नाही.

कॉलनीतल्या रफिकभाईंच्या टेम्पोत खेकडा चढवला. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले. सगळ्या वाटेत मामा माझ्या आणि रफिकभाईंच्या मधे बसले होते असं म्हणायचं, पण खरं तर ते बसल्या जागी चालत होते. गुडघे वरखाली, बोटं डॅशबोर्डवर. रफिकभाई शेवटी म्हणाले, "मामा, तुम्ही खाली उतरून पळत या. मला गाडी चालवू द्या."

राजूर मागं पडलं आणि बऱ्याच वळणांनंतर डांबर संपलं. पुढं मुरुमाचा तुकडा, मग तोही संपला. समोर डोंगर आणि त्याच्यावर वर चढत गेलेली एक पाऊलवाट. कुठं काळा कातळ, कुठं सुटे दगड, कुठं करवंदीच्या जाळ्या. वाडी वर, पाऊण तासाच्या चढावर. वाडीत जे काही आहे ते सगळं या वाटेनं डोक्यावरून गेलेलं, हे सांगायची गरज नव्हती. रेशनच्या दुकानातून आलेल्या सात-आठ बाया तिथंच गोणी टेकवून दम खात बसल्या होत्या.

मामांनी खेकडा उतरवला आणि कुणाला काही न विचारता एकेक गोण हौद्यात टाकायला सुरुवात केली. "पंचवीस. एकवीस. ही पंधरा, ही कुनाची? भिजलीय." बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यातली एक पन्नाशीची, उंच, सडसडीत बाई, पारूबाई, म्हणाली, "निवृत्तीदादा, ह्ये वर गेलं तर मी नाव बदलीन."

निघालो. मी मागून तपासणीची वही घेऊन. पहिली पाच मिनिटं छान गेली. मग चढ लागला आणि खेकडा अडखळायला लागला. दोन पावलं चालायचा, थबकायचा, हिसका द्यायचा, तिरका व्हायचा. मामा थांबून मोटरी बघायचे, पट्टे बघायचे, परत कासरा ओढायचे. परत हिसका. एका कातळावर तर तो मागं घसरायला लागला. दीड-पावणेदोनशे किलोचा माल, मागं मी आणि माझ्यामागं बाया. मामांनी कासरा सोडला, ब्रेक लागले, पट्टे कातळावर किंचाळले आणि खेकडा दरीच्या कडेला हातभर अंतरावर थांबला. आम्ही सगळ्या करवंदीत.

मामांचा चेहरा पांढराफटक. "मोटार चांगली हाय. बॅटरी चांगली हाय. मग का?" असं म्हणत ते गाडीभोवती फिरायला लागले. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच.

पारूबाई अंगावरचे काटे झाडत आली आणि तिनं कासरा हातात घेतला. "दादा, तुमी जरा बाजूला व्हा."

"तुला जमायचं न्हाई. त्यात चकती हाय, सेन्सर—"

"बैलाला असा हिसडा दिला तर बैल बी बसंल खाली," ती म्हणाली. आणि एकाच संथ चालीनं, हात न हलवता, चढायला लागली. खेकडा तिच्या मागून निघाला. गरीब गाईसारखा. कातळ चढला, सुटे दगड चढला, वळणावर तिनं मनगट जरासं वळवलं तर तोही वळला. हौदा शेवटपर्यंत सपाट. मी वहीत लिहिलं, "दोष यंत्रात नाही."

मामा सगळ्यांच्या मागून येत होते. अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक आहे, तिथं आल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, मलाच ब्रेक बसवाया पायजे."

वाडी अंगणात जमा झालेली होतीच. खेकडा वर आल्यावर आरडाओरडा झाला, पारूबाईला "आता नाव काय ठेवू तुझं?" असं ज्यानंत्यानं विचारून घेतलं. मामांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते शेवटच्या घराकडं बघत होते. तिथं ओट्यावर एक म्हातारी बसली होती. चांगली ऐंशीच्या घरातली. मान कायमची पुढं झुकलेली, त्यामुळं समोरच्याकडं बघायचं तर तिला डोळे वर करून बघावं लागायचं.

"ही बायजाक्का," मामा म्हणाले. "बहीन. थोरली."

बायजाक्कानं माझ्या हाताला धरून खाली बसवलं आणि दहा मिनिटांत तिनं मला ते सगळं सांगितलं, जे मामांनी पंधरा वर्षांत सांगितलं नव्हतं. आई लवकर गेली. बायजाक्काचं लग्न झालेलं, पण नवरा वर्षातच वारला आणि ती माघारी आली. मग निवृत्तीला तिनंच वाढवला. खाली शाळा होती, मधे ओढा. पावसाळ्यात ती त्याला पाठीवर आणि हिरड्याची गोण डोक्यावर घेऊन उतरायची. हिरडा विकून झाला, की शाळा सुटेपर्यंत तिथंच बसायची.

"लई चुळबुळ्या हुता," ती म्हणाली. "पाठीवर बी पाय हालवायचा. मी म्हनायची, आरं, तू चालतोयस का मी?"

"आता किती वर्षांत खाली गेला नाहीत?" मी विचारलं.

"सहा. गुडघं गेलं. जायाचं तरी कुठं?"

एवढ्यात मामा खेकडा ओढत घेऊन आले. गोणी उतरवून झाल्या होत्या आणि हौद्यात आता वेगळंच काहीतरी होतं. जाड, मऊ गादी. मी ती ओळखली. माझ्याच आरामखुर्चीची. बाजूला धरायला लोखंडी दांडी, वर छत्री अडकवायला नळी. मामांनी ते केव्हा जोडलं, टेम्पोत गादी कुठं दडवली होती, वर कशी आणली, मला कळलंही नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले, "चल."

"कुठं?"

"नगरला. कासरा पारू धरंल खालपातुर. तुला एक सुदिक हिसका बसनार न्हाई. मग टेम्पो हाय."

बायजाक्कानं गाडीकडं नीट बघितलं. पट्टे, गादी, दांडी, छत्रीची नळी. मग डोळे वर करून भावाकडं.

"तिथं काय हाय?"

"घर हाय. दोन खोल्या. नळ हाय दाराशी."

"आनखी?"

"दवाखाना जवळ हाय. गुडघं दाखवू."

"आनखी?"

"ह्या ताई हायत शेजारी."

"आनखी?"

मामा डाव्या पायावरून उजव्या पायावर आणि परत डाव्या पायावर झाले.

"आनखी तू हायस," बायजाक्का म्हणाली. "आन एकटा हायस. ते पयलं सांगायचं सोडून नळ काय सांगतो?"

अंगणातली माणसं उगाच इकडंतिकडं बघायला लागली. मामांनी खाली वाकून खेकड्याची चेन तपासली. तिला काही झालं नव्हतं.

"मी न्हाई यायची, निवृत्ती," ती म्हणाली. पण मायेनं म्हणाली. "ही म्हस हाय. ही मानसं हायत. मला त्या दोन खोल्यांत कोन हाक मारंल? आन तू तर घरात बसायचा न्हाईस. तूच ये की वर."

जेवलो, मामा उभ्यानंच. निघताना त्यांनी पारूबाईला बॅटरी चार्ज कशी करायची, वंगण कुठं घालायचं, हे तीन-तीनदा सांगितलं आणि खेकडा वाडीतच ठेवला. गादीही काढून घेतली नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोत त्यांचे गुडघे हलत नव्हते. रफिकभाईंनी दोनदा विचारलं, "मामा, तब्येत बरी आहे ना?"

त्यानंतर मामांना घरात करमेना. खेकडा गेल्यानं अंगण रिकामं. पहाटे उठून कॉलनीला फेऱ्या. आमचा गेट दुरुस्त केला, देशमुखांचा केला, मग ज्यांचे चांगले होते त्यांचे केले. आणि दुसऱ्या आठवड्यात कातळवाडीहून फोन आला. खेकडा वाटेत बंद पडलाय. चेन निघाली.

मामा त्याच दिवशी गेले. दुरुस्त करून परत आले. पुढच्या शनिवारी परत फोन. चेनच. परत गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी पण. माझा तपासणी विभागाचा स्वाभिमान जागा झाला.

"मामा, एवढी चांगली चेन दर शनिवारी कशी काय निघते? पिना कमी प्रतीच्या आहेत का?"

मामा पाना पिशवीत टाकत होते. त्यांनी खिशातून एक पिन काढून माझ्या हातावर ठेवली. "बघा. वाकलीय का? झिजलीय का?"

पिन नवीकोरी होती. डोक्यावर तेवढे बारीक ओरखडे, विळ्याच्या टोकानं काहीतरी उचकटावं तसे.

"पिना आपसूक निघत न्हाईत, ताई. कुनीतरी काढतंय."

"कोण?"

"मला काय म्हाईत?" ते म्हणाले, आणि गालातल्या गालात हसत असल्याचं मला कळू नये म्हणून पाठ फिरवून पिशवी भरत राहिले. दोन पिना त्यांनी जास्तीच्या घेतल्या. त्या वेळी ते दोन दिवस राहिले. त्याच्या पुढच्या वेळी पाच.

संक्रांत झाली आणि एके सकाळी त्यांनी घराची किल्ली माझ्याकडं आणून दिली. "भाडेकरू आला तर बघा. चांगला असला तर द्या."

"मामा, कायमचे?"

"तिथं ह्या पावसाळ्याच्या आदी वढ्यावर काहीतरी करायला पायजे. पानी वाढलं की खेकडा अडकनार." मग जरा थांबून, "आन अक्काला चेन बसवता येत न्हाई. काढता येती फकस्त."

सामान पोचवायला मीही गेले. आमचे हे म्हणाले, मी पण येतो, भिंतीला कान लावून काय करू आता. डांबर संपलं तिथं पारूबाई खेकडा घेऊन हजर होती. तिनं कासरा मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "दमानं. मी मागं हाय." सामान हौद्यात चढवलं. हत्यारांची पेटी, वस्तू आवळून धरायचा वायस, एक घडीची खाट, वळकटी, कुकर, चार भांडी, काशीमामींचा फोटो चादरीत गुंडाळलेला. दोरीनं आवळून झालं, तरी हौद्यात जागा उरली.

मामा निघाले. कासरा त्यांनी असा धरला होता, जसा काही तो कचकड्याचा आहे. खेकडा मागून आला. एकदा हिसकला, मामा थांबले, दम घेतला, परत निघाले. कातळ चढलो. सुटे दगड चढलो. वळण घेतलं आणि सगळेच थांबलो.

त्या अर्ध्या वाटेवरच्या सपाट खडकावर बायजाक्का बसली होती. लुगड्याला मागं सगळी माती. म्हणजे ती चालत आली नव्हती, बसून, हातांवर सरकत, वरपासून इथवर उतरली होती. शेजारी काठी आणि पाण्याचा तांब्या, वर पेला झाकलेला.

"आगं, कशाला उतरलीस?" मामा ओरडलेच. "गुडघं तुझं! पडली असतीस म्हंजे?"

"बघाया आले," ती म्हणाली. "येतोस का निम्म्यातनं फिरतोस."

मामांनी पेला घेतला, पाणी प्यायले, परत भरून माझ्या पुढं केला, मग आमच्या ह्यांच्या पुढं, मग पारूबाईच्या. पाणी संपलं तेव्हा तांब्या हातात धरून उभे राहिले.

बायजाक्का काठीला रेटा देऊन उठली आणि हौद्यापाशी आली. खाटेवरून, पेटीवरून, वळकटीवरून तिनं हात फिरवला. चादरीचं टोक सारून फोटो बघितला, परत नीट झाकला.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," मामा म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "घर बारकं हाय."